नव्या गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) करावं का? फिल्मवाल्याचा आकडा ऐकून झोप उडाली आहे

रेघोटी | ७ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

दसऱ्याला गाडी घरी आली. छोटी एसयूव्ही, चार मीटरच्या आतली, पेट्रोल, रंग गडद निळा. २२ सप्टेंबरला जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, त्यामुळे ऑगस्टमधल्या कोटेशनपेक्षा नव्वद-पंच्याण्णव हजार कमी पडले. घरात आनंदीआनंद. तो बरोबर चार दिवस टिकला.

डिलिव्हरी देतानाच शोरूमच्या मुलाने एक कार्ड हातात ठेवलं होतं. "डार्क कलर आहे, पीपीएफ करूनच घ्या, नाहीतर सहा महिन्यांत बारीक रेघांचं जाळं दिसेल." काल त्या दुकानात गेले. पूर्ण गाडीचे ८२ हजार, वर १८ टक्के जीएसटी. वडील शेजारी उभे होते. म्हणाले, "दैव देतं आणि कर्म नेतं असं ऐकलं होतं. इथे सरकार देतं आणि फिल्मवाला नेतो."

परिस्थिती अशी : पुण्यात सोसायटीचं उघडं पार्किंग, डोक्यावर रेनट्री, रेनट्रीवर कावळे. दर पंधरा दिवसांनी कराडजवळच्या गावी जाणं-येणं. खंबाटकी, साताऱ्याच्या पुढे सतत चालू असलेली रस्त्याची कामं, आणि दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या. गाडी आठ-दहा वर्षं तरी ठेवायची आहे.

ज्यांनी फिल्म लावली आहे त्यांनी खरं सांगा. पैसे वसूल झाले का? नसेल लावली तर पश्चात्ताप होतोय का?

सदाशिव_बाहेरचा | सकाळी ९.५२

नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक पंधरा वर्षं न काढणाऱ्या आणि टीव्हीच्या रिमोटला पिशवी घालणाऱ्या समाजात हा प्रश्न पडूच कसा शकतो?

कोल्हापुरी_चप्पल | सकाळी १०.०५

भावा, गाडी फिरवायला घेतलीस का फ्रेम करून भिंतीला लावायला? आमची गाडी दरवर्षी जोतिबाच्या यात्रेला गुलालात न्हाऊन येते. पाण्याचा फवारा मारला की झालं. उरलेला गुलाल म्हणजे देवाचा आशीर्वाद.

रेघोटी | सकाळी १०.११

भावा नाही, ताई. :)

पाना_पक्कड | सकाळी ११.३०

माझं बॉडीशॉप आहे. डेंटिंग-पेंटिंग हे माझं पोट, फिल्म मी लावत नाही, तेव्हा मला त्यात कमिशन नाही हे आधीच सांगतो.

आधी मापं समजून घ्या. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग, म्हणजे प्रायमर, बेस आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट सगळं मिळून, साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट चाळीसच्या आसपास. चांगली पीपीएफ दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड असते. म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा वरचं कातडं जाड. म्हणून ती खडा झेलते. दुसरं असतं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा द्रवाचा पातळ थर. तो काही मायक्रॉनच्या वर जात नाही. पाणी झरझर ओघळतं, चमक येते, धुणं सोपं होतं, पण खडा आला की सिरॅमिक आणि क्लिअर कोट दोघंही एकदमच उडतात. ते '९ एच' जे सांगतात ना, ती पेन्सिलच्या शिशाने ओरखडा काढून मोजलेली कठीणता असते. रस्त्यावर कोणी पेन्सिली फेकत नाही.

ही फिल्म मुळात मोटारींसाठी नव्हतीच. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांची कड वाळू-खड्यांनी खाल्ली जायची, तिच्यावर चिकटवायला युरेथेनची पट्टी निघाली. मोटारींच्या नाकावर ती नंतर आली.

आता मुद्द्याचं. दगड गाडीला कुठे लागतो? बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे, चाकामागचा पत्रा. छताला आयुष्यात दगड लागत नाही. मग छताच्या फिल्मचे पैसे कशासाठी?

सदाशिव_बाहेरचा | सकाळी ११.४१

युद्धभूमीसाठी बनवलेली वस्तू आहे म्हणता? मग कात्रज बायपासला अगदी योग्य.

घाटातला_ट्रक | दुपारी १२.२०

चार वर्षं झाली पूर्ण गाडीला लावून, काळ्या रंगाची आहे. रेघोटीताई, मी तुमच्या बाजूने.

काळ्या गाडीचं दुःख काळी गाडीवालाच जाणे. उन्हात उभी केली की आधीच्या गाडीवर कोळ्याचं जाळं दिसायचं. ते दगडाने होत नाही, फडक्याने होतं. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा एका बादलीत पंचवीस गाड्या उरकतो. पंचविसाव्या गाडीवर तो पाणी नाही, चोवीस गाड्यांची माती फिरवतो. त्यावर फिल्मचा उपाय खरोखर आहे. वरच्या थरावरच्या बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. मी किटलीतलं कोमट पाणी ओतून पाहिलंय, डोळ्यांदेखत रेघ गेली. किल्लीने मारलेली खोल रेघ मात्र जात नाही. 'सेल्फ हीलिंग' म्हणजे गाडीला च्यवनप्राश दिलाय असं समजू नका.

एक तोटाही सांगतो. दुसऱ्या वर्षी सिग्नलला एका टेम्पोने मागचं दार चेपलं. विम्यातून दाराचं काम झालं, फिल्म मात्र धरली नाही. पॉलिसीत तिची नोंदच नव्हती, चूक माझी. त्या दाराच्या नव्या फिल्मचे सात हजार खिशातून गेले. लावलीत तर बिल घेऊन विमावाल्याला आधी विचारा.

वऱ्हाडी | दुपारी १२.४८

उन्हाने रेघा भरतात म्हणता? आमच्या नागपुरात मे महिन्यात माणूस भरून येत नाही, वितळते.

माझी कथा ऐका. पांढरी सेदान, तीन वर्षांपूर्वी ३८ हजारात फुल बॉडी. दुकानदार म्हणे 'इम्पोर्टेड'. दोन उन्हाळे काढले आणि बॉनेट पिवळं पडलं, छत पिवळं पडलं, दारं तेवढी पांढरी. लोक विचारायचे, टू-टोन कुठून केली? मग काढायला गेलो तर फिल्म अखंड निघेचना, पापडासारखे तुकडे. दोन दिवस हीटगन आणि गोंद काढायचं लिक्विड. काढायचे नऊ हजार वेगळे. काहून लावली म्हणून बायको अजून विचारते.

पाना_पक्कड | दुपारी १.१५

वऱ्हाडी, ती टीपीएच असणार. नावात फरक एका अक्षराचा, पण टीपीएच म्हणजे जवळजवळ पीव्हीसीच, मऊपणा यावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं. ते उडून गेलं की फिल्म कडक होते, पिवळी पडते, चिरते. खरी पीपीएफ टीपीयूची, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. ताणली की रबरासारखी परत येते. नव्या टीपीयू आणि टीपीएचच्या तुकड्यात नुसतं बघून साध्या माणसाला फरक कळत नाही, तिथेच खेळ होतो.

काचबंद | दुपारी १.३०

सावधान! गाडीवर फिल्म लावायला सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. पोलीस भर चौकात सोलून काढतात.

घाटातला_ट्रक | दुपारी १.३६

अहो काचबंद, ती काचेवरची काळी फिल्म! पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा तो नियम. इथे पत्र्यावरच्या पारदर्शक फिल्मबद्दल चाललंय. पारदर्शक असेल तर रंग बदलत नाही, म्हणून आरटीओचा प्रश्न येत नाही. निळ्या गाडीला लाल फिल्म गुंडाळलीत तर मात्र आरसी बुकात रंग बदलून घ्यावा लागेल.

काचबंद | दुपारी १.४४

बरं बरं. सासऱ्यांच्या गाडीची चौकात ब्लेडने खरवडली होती आणि मी मागच्या सीटवर होतो. तेव्हापासून फिल्म शब्दाचाच धसका घेतलाय. तरी काचेच्या फिल्मवरही बोला कोणीतरी.

मेतकूट | दुपारी ३.०५

पुरुषमंडळी दगडधोंड्यांत अडकली आहेत. आपल्याकडे गाडीवर पहिला हल्ला रस्त्यावर होत नाही, शोरूमच्या दारात होतो. कुंकवाचा स्वस्तिक, हळदीची बोटं, वर झेंडूचा हार. हाराची तार बॉनेटवर घासली की संपलं. आमच्या गाडीच्या पहिल्या तीन रेघा दसऱ्याच्या पूजेच्याच.

मागच्या वर्षी बॉनेटला फिल्म होती. सासूबाईंनी पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं, दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर गुलाबी छाप तसाच. हळद त्यामानाने सज्जन. पदराला पडलेला हळदीचा डाग उन्हात टाकला की विरतो, तसाच इथेही आठवड्यात गेला. कुंकवाचा राहिलाय. फिल्मला बॉनेटभर पैसे मोजून वर गुलाबी स्वस्तिक. आता बॉनेटवर लाल कापड टाकून त्यावर पूजा करतो. देवाची काही तक्रार आलेली नाही.

कोल्हापुरी_चप्पल | दुपारी ३.१२

मेतकूटताई, डाग नव्हे, वॉरंटी आहे ती. वरून आलेली.

शिंपले | दुपारी ४.२६

देवगडहून लिहितोय. शहरातले लोक वरच्या कातड्याची चिंता करतात. आमच्याकडे गाडी वरून मरत नाही, खालून मरते. खारी हवा, चार महिने पाऊस, तांबड्या मातीचा राडा चाकांच्या खोबणीत बसलेला. फिल्मचे ८२ हजार द्यायच्या आधी खालून गाडी धुऊन घ्यायची सवय लावा, पावसाळ्यानंतर तर नक्की.

तरी फिल्मच्या बाजूचा एक मुद्दा कोकणातला आहे. तुमच्याकडे खड्याने टवका उडाला तर तो नुसता टवका. आमच्याकडे पत्र्यापर्यंत गेलेला टवका तसाच ठेवला तर एका पावसात त्याच्या कडेने तांबूस कंगोरा येतो. मी डॅशबोर्डमध्ये टचअपची बाटली आणि आगपेटीतल्या काड्या ठेवतो. टवका दिसला की कोरडा करून काडीच्या टोकाने थेंब ठेवायचा. दीड-दोनशे रुपयांत वर्षभराची सोय.

आणि आंब्याच्या झाडाखाली गाडी लावू नका. सावली दिसते, चीक दिसत नाही. हापूसच्या देठाचा चीक हाताला लागला तर कातडी भाजते, मग रंगाचं काय होत असेल? तांबडी धूळ कोरड्या फडक्याने पुसणाऱ्याला मी घरात घेत नाही. ती धूळ नसते, पॉलिश पेपर असतो.

बर्फातला_वडा | संध्याकाळी ६.५०

कॅलगरीहून नमस्कार. इकडे हिवाळ्यात रस्ते घसरू नयेत म्हणून वाळू-खडी टाकतात, आणि पुढच्या गाडीच्या चाकातून ती सरळ आपल्यावर. इथे पुढच्या भागाला फिल्म लावणं हौसेत धरत नाहीत. पण गंमत म्हणजे पूर्ण गाडीला लावणारे माझ्या ओळखीत कमीच. बंपर, बॉनेट, फेंडरचा (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचा) पुढचा भाग, आरसे, बस. मागच्या दाराला खडी लागायला गाडी उलटी चालवावी लागेल.

सदाशिव_बाहेरचा | संध्याकाळी ६.५८

वडेसाहेब, आमच्याकडे उलटी चालवणारे भरपूर आहेत. एकेरी रस्त्यावर या कधी.

हिशेबनीस | रात्री ९.१०

सगळ्यांनी भावना मांडल्या, आता आकडे मांडू. पूर्ण फिल्म ८२,००० अधिक जीएसटी म्हणजे ९६,७६०. एक पॅनेल (दार, बॉनेट असा एक भाग) चांगल्या ठिकाणी रंगवायला साधारण पाच-सहा हजार. म्हणजे या पैशात सोळा ते एकोणीस पॅनेल रंगून निघतात. गाडीला तेवढे पॅनेल नाहीत हो! समजा पाच वर्षांत बंपर दोनदा, बॉनेट एकदा आणि एक दार रंगवलं, तरी पंचवीस हजारांच्या आत खेळ आटोपतो. तेही सगळं खिशातून धरून. फिल्म स्वतः पाच-सात वर्षांनी काढायची, तो खर्च अजून पुढे.

विकताना फिल्मचे वेगळे पैसे कोणी देत नाही. बाकी उरली ती हौस. हौसेला माझी ना नाही, पण तिला गुंतवणूक म्हणू नका.

पाना_पक्कड | रात्री ९.४५

हिशेबनीस, तुमचा हिशेब चुकत नाही, पण तुम्ही दोन वेगळे रंग एकाच भावाने धरताय.

कंपनीत नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. वायरिंग नाही, काच नाही, सीट नाही. म्हणून तो रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. माझ्याकडे तुमची पूर्ण गाडी येते. तिला १४० ला भाजली तर डॅशबोर्ड बासुंदीसारखा आटेल. आम्ही ६० अंशांच्या घरात सुकवतो, आणि त्यासाठीचं रसायनही वेगळं. मी मन लावून काम करतो, शेडही जुळवतो, तरी छातीवर हात ठेवून सांगतो की कंपनीचा मूळ रंग तो मूळ रंग. मेटॅलिक निळ्यात तर दार नवं आणि फेंडर जुना, संध्याकाळच्या उन्हात फरक दिसतोच.

मुद्दा दोन. जाळं घालवायला लोक दरवर्षी रबिंग-पॉलिश करून घेतात. रबिंग म्हणजे रेघ भरत नाहीत, रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट तासून रेघेच्या तळापर्यंत आणतात. चाळीस मायक्रॉनचा मामला, किती वेळा तासणार?

हिशेबनीस | रात्री ९.५८

बासुंदीचा मुद्दा मान्य. पण सर्वसामान्य माणूस संध्याकाळच्या उन्हात फेंडर न्याहाळत बसत नाही. तो दूध आणायला गेलेला असतो.

घाटातला_ट्रक | रात्री १०.१५

मी बसतो. आणि मीही सर्वसामान्यच.

'विकताना काही मिळत नाही' यावर माझ्या भावाचा अनुभव. जुन्या गाड्या घेणाऱ्यांचा माणूस आला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन. बॉनेटवर टेकवलं, आकडा आला ३०० च्या घरात. म्हणे अ‍ॅक्सिडेंटची गाडी आहे, पूर्ण रंगवलीय, चाळीस हजार कमी. भावाने कडेला नखाने फिल्मचं टोक उचलून दाखवलं, तिथे खालचा रंग मोजायला लावला, ११०. तेव्हा भाव सरळ झाला. म्हणजे फिल्ममुळे आधी भाव पडला आणि मग फिल्म काढल्यावर मूळ रंग निघाला म्हणून चढला. धरा आता हे कुठल्या खात्यात धरायचं ते.

मांजरप्रेमी | रात्री १०.३२

कोणीच मांजरांबद्दल बोललं नाही. थंडीत नुकत्याच बंद केलेल्या गाडीचं बॉनेट म्हणजे त्यांची चूल. चढताना चार, उतरताना आठ ओरखडे. फिल्म लावल्यापासून मी शांत, मांजरही शांत.

रेघोटी | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

बाप रे, रात्रभरात किती लिहिलंत! सगळ्यांचे आभार. पाना_पक्कडकाका, दुकानात गेल्यावर नेमकं काय विचारू? मला तिथे 'मॅडमना काय कळतंय' अशा नजरेने बघतात. आणि फक्त पुढचा भाग करायचा तर नक्की कुठून कुठपर्यंत?

पाना_पक्कड | सकाळी ९.०५

ताई, रोलचा खोका समोर उघडायला लावा. त्यावरचा नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर एकच हवा, फोटो काढून ठेवा. रोल साधारण पाच फूट रुंद आणि पन्नास फूट लांब असतो. पूर्ण मोठ्या गाडीला तो जवळपास संपतो. तुमच्या अर्ध्या कामानंतर उरलेला भाग दुसऱ्या गाडीला जाणार, ते ठीक आहे, पण त्या रोलची वॉरंटी तुमच्या गाडी नंबरावर नोंदली गेली का ते बघा.

दुसरं म्हणजे फिल्म कापतात कुठे ते विचारा. काही जण प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या यंत्रावर, गाडीच्या मापाने आधीच कापतात, काही गाडीवर अंथरून ब्लेडने कापतात. हात कसलेला असेल तर गाडीवर कापलेली फिल्म कडा आत दुमडून सुंदर बसते. हात कच्चा असेल तर ब्लेडची रेघ कायमची रंगात. म्हणून जुन्या, वर्षभर फिरलेल्या दोन गाड्या दाखवा म्हणायचं. नवी लावलेली फिल्म सगळ्यांचीच छान दिसते. कडा उचलल्यात का, कडेला काळी धूळ बसलीय का, ते जुन्यावर दिसतं.

वॉरंटी पिवळं पडणं, चिरणं, सुटणं यांची असते. दगडाने फाटली तर नाही. मजुरी धरली आहे का, तेही लिहून घ्या.

पुढचा भाग करायचा तर बॉनेट पूर्ण करा. अर्ध्यावर थांबलात तर मधल्या रेघेवर धूळ साचते आणि गडद निळ्यावर ती रेघ गंधासारखी दिसते. हेडलाइट घ्या, त्यांची काच म्हणजे काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने पिवळं पडतं. दारांच्या कडा, हँडलमागचा खोलगट भाग आणि डिकीचा उंबरा, जिथे आपण बॅगा घासत आत ढकलतो. एवढं पुरे. पूर्वी रंगकाम झालेल्या पॅनेलवर लावणार असाल तर सांभाळून, काढताना रंगही बरोबर येऊ शकतो. तुमची नवी आहे, तो प्रश्न नाही.

मेतकूट | सकाळी ९.३०

हँडलमागच्या भागासाठी मोदक. माझ्या बांगड्यांनी तिथे चंद्रकोरी कोरल्या आहेत.

निवांत_शनिवार | सकाळी ११.१०

मी वाईट अनुभव लिहितो, म्हणजे समतोल राहील. गावातल्या एका दुकानात (नाव नको) स्वस्तात करून घेतली. शेडला शटर एका बाजूने उघडं, बाहेर रस्त्याचं काम. फिल्मखाली धुळीचे कण असे अडकले की बॉनेटवर पुरळ उठल्यासारखं दिसतं. दुकानदार म्हणाला पंधरा दिवसांत बसेल. पाण्याचे फुगे बसतात हे खरं, पण माती कुठे बसणार? वर दाराच्या कडेला ब्लेडची सहा इंची रेघ. दगडाने पाच वर्षांत केलं नसतं ते एका दुपारी झालं.

वऱ्हाडी | सकाळी ११.१८

या भाऊ, माझ्या बाजूला बसा.

हिशेबनीस | सकाळी ११.४०

तळटीप : सगळ्यात स्वस्त पीपीएफ म्हणजे ट्रकच्या मागे अंतर ठेवणं. त्यावर जीएसटीही नाही. आणि त्या एक बादलीवाल्या मुलाला दोन बादल्या आणि दोन मायक्रोफायबरची फडकी स्वतः घेऊन द्या. सहाशे रुपयांत काम होतं.

घाटातला_ट्रक | सकाळी ११.५२

दिली होती. फडकी तो घरी घेऊन गेला, म्हणाला लई मऊ आहेत, बाळाला झाली.

रेघोटी | १६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

निर्णय झाला. पूर्ण गाडी नाही. बंपर, अख्खं बॉनेट, आरसे, हेडलाइट, दारांच्या कडा, हँडलमागचे कप आणि डिकीचा उंबरा. टीपीयू, प्लॉटरवर कापून. सगळं धरून ३४ हजार. खोका उघडायला लावला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मॅडम, तुम्ही याच लाइनमध्ये का?" पाना_पक्कडकाकांना साष्टांग.

हिशेबनीसांच्या हिशेबात मी तोट्यात आहे हे मला मान्य आहे. फडकी मात्र घेतली, आणि ती पुसणाऱ्या मुलाला दिली नाहीत, वडिलांना दिली. जे आठवडाभर फिल्मला नावं ठेवत होते तेच आता सकाळी दोन बादल्या घेऊन खाली जातात आणि कावळ्याची शिट पडली की मला ऑफिसात फोन करतात. शिटेने क्लिअर कोट खाल्ला जातो हे त्यांनी याच धाग्यावर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं म्हणे.

कोल्हापुरी_चप्पल | रात्री ९.२२

अभिनंदन ताई. पेढे कुठं?

रेघोटी | १८ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

धागा वर काढते. अपडेट देते.

तीन महिने, सहा-सात कराड वाऱ्या. बंपरवर फिल्मला दोन ठिकाणी टोचे पडलेत, बारीक, खालचा निळा शाबूत. मागच्या रविवारी साताऱ्याच्या पुढे, रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर खडीवरून मुख्य रस्त्यावर आला. मी अंतर ठेवलं होतं, हिशेबनीस शपथ. तरी त्याच्या मागच्या चाकातून एक खडा उडाला. मी बघत होते, बॉनेटच्या दिशेने येतोय, मनात म्हटलं ये, तुझीच वाट बघत होते.

तो बॉनेटवरून गेला आणि समोरच्या काचेवर बसला. ड्रायव्हरच्या बाजूला चांदणी, घरी पोचेपर्यंत तिला वीतभर शेपूट फुटलं.

सदाशिव_बाहेरचा | संध्याकाळी ७.०९

क्षमा करा, पण चहा कीबोर्डवर सांडलाय.

हिशेबनीस | संध्याकाळी ७.२०

काचेला विम्यात घसारा कापत नाहीत, साधी पॉलिसी असली तरी. १५०० सीसीच्या आतली गाडी, म्हणजे क्लेममधले सक्तीचे एक हजार तुमच्या खिशातून. पण क्लेम केला की पुढच्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जाईल. तो स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरच मोजतात, थर्ड पार्टीवर नाही. बोनसची रक्कम अधिक एक हजार एका बाजूला, काचेचं कोटेशन दुसऱ्या बाजूला ठेवा. काच महाग पडत असेल तर खुशाल क्लेम करा. काही पॉलिसींत फक्त काचेच्या क्लेमला बोनस शाबूत ठेवायचं कलम असतं, तेही आधी वाचा.

पाना_पक्कड | संध्याकाळी ७.३१

शेपूट फुटलं म्हणजे भरून काम होणार नाही, काच बदलावीच लागेल. तोवर एसीचा गार झोत काचेवर सोडू नका, चीर पळते. आणि काच काढताना बॉनेटच्या फिल्मवर हत्यारं ठेवू देऊ नका, जाड चादर अंथरायला सांगा.

काचबंद | संध्याकाळी ७.३४

मी ऑक्टोबरपासून सांगतोय, काचेच्या फिल्मवर बोला. कोणी ऐकलं?

नवा_भिडू२६ | संध्याकाळी ७.५०

नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही. पीपीएफ लावणाऱ्याचा नंबर मिळेल का?

वऱ्हाडी | संध्याकाळी ७.५२

माझ्यावाल्याचा देऊ?

रेघोटी | संध्याकाळी ७.५५

नको! व्यनि (खासगी निरोप) करते.

मेतकूट | संध्याकाळी ८.०१

मलाही कर गं. आणि कुंकवाचं काही कळलं तर तेही.